एचआयव्ही आणि कावीळ बी-सी दोन्ही असेल तर काय करायचं? बेळगाव भागातून नेहमी येणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, बेळगाव शहर, सगळीकडनं हेच हेच प्रश्न येत असतात म्हणून एका ठिकाणी लिहून काढलेत. एचआयव्हीचं औषध (एआरटी) एका खिडकीवर मिळतं, लिव्हरचं दुसरीकडे, टीबीचं तिसरीकडे, आणि या तिन्ही ठिकाणची माणसं एकमेकांशी बोलतीलच याची काही खात्री नाही. मग इकडचं तिकडं सांगायचं काम पेशंट आणि घरच्यांवरच येऊन पडतं. ते कसं करायचं हे इथं सांगायचा प्रयत्न आहे. गोळी सुरू करणं, थांबवणं, डोस कमीजास्त करणं मात्र डॉक्टरांना विचारूनच, हे वाचून स्वतःच्या मनानं काही बदलू नका.

कावीळ तर आमच्याकडे दर पावसाळ्यात येते, मग हे बी आणि सी काय आहे?

पावसाळ्यात गावात एकदम घरोघरी जी कावीळ येते ती बहुतेक करून ए नाहीतर ई, खराब पाण्यातनं आणि उघड्यावरच्या खाण्यातनं. डोळे पिवळे, लघवी पिवळी, जेवण नको, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते (गरोदर बाईला ई झाली तर मात्र फार जपावं लागतं, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या).

बी आणि सी (हेपेटायटिस बी आणि सी) वेगळ्या. लोक बीला पांढरी कावीळ म्हणतात कारण बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत, माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, आणि आत वर्षानुवर्षं लिव्हर खराब होत राहतं. या रक्तातनं पसरतात, दुसऱ्याला वापरलेली सुई, तपासणी न केलेलं रक्त, आईकडून बाळाला, आणि बी तर शारीरिक संबंधातनं सुद्धा सहज. एचआयव्हीचे रस्ते पण हेच. म्हणून एकाच माणसात दोन्ही सापडणं यात आश्चर्य काही नाही आणि त्यात कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करायचं तर काहीच कारण नाही. एचआयव्ही सोबत असला की लिव्हर लवकर कडक व्हायला लागतं, म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी बघावं लागतं.

एचआयव्ही आहे म्हणून एआरटी सेंटरला जातोच आहे, मग कावीळची टेस्ट वेगळी मागायची का?

आधी झाली आहे का ते विचारा, रिपोर्ट बघायला मागा. दोन टेस्ट महत्त्वाच्या, बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही. "सगळं नॉर्मल आहे" एवढ्यावर घरी येऊ नका, या दोन नावांपुढे काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. खूप जणांची एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ततपासणी) झालेली असते, ती नॉर्मल आली म्हणून त्यांना वाटतं कावीळ नाही, पण एसजीपीटी नॉर्मल असून बी किंवा सी असू शकते.

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरू नका, ती टेस्ट फक्त एवढंच सांगते की कधीतरी सीचा व्हायरस अंगात आला होता. आत्ता आहे का नाही ते आरएनए टेस्ट (व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते) सांगते. काहीजणांचा आपोआप गेलेला असतो. उलट एक गोष्ट लक्षात ठेवा, एचआयव्हीमुळे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) फार कमी असेल तर अँटी-एचसीव्ही खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लिव्हरचे आकडे वाढलेले असतील आणि कारण सापडत नसेल तर आरएनए करूया का असं डॉक्टरांना विचारा.

लिव्हर किती कडक झालंय हे बघायला दरवेळी महागडं स्कॅन लागतंच असं नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरनं फिब-४ नावाचा हिशेब काढतात, साध्या रक्ततपासणीवर होतो. म्हणूनच जुने सीबीसीचे (प्लेटलेट त्यातच असतात) कागद फेकू नका.

एआरटीची रोज एकच गोळी घेतो. कावीळ बीसाठी वेगळी गोळी लागणार का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि चुका पण इथंच होतात, म्हणून जरा सविस्तर.

सध्या बहुतेकांना मिळते ती गोळी टीएलडी, म्हणजे टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ. यातली पहिली दोन औषधं एचआयव्हीवर चालतात आणि कावीळ बीवर सुद्धा. म्हणजे टीएलडी घेणाऱ्याला बीसाठी बहुतेक वेगळं काही लागत नाही, एका गोळीत दोन्ही कामं होतात.

पण याचाच दुसरा अर्थ असा की ती गोळी बंद केली तर दोन्ही आजार एकदम मोकळे सुटतात. एचआयव्ही परत वाढतोच, पण बी सुद्धा उसळू शकते, लिव्हरला मोठी सूज येते, कधी जिवावर बेततं. "लग्नाला गेलो, गोळ्या घरी राहिल्या", "बरं वाटत होतं म्हणून सोडलं", "नवस होता म्हणून महिनाभर काही घेतलं नाही", असलं ऐकलं की जीव वर-खाली होतो. बीवाल्यानं तर हे अजिबातच करू नये.

दुसरा धोका गोळी बदलताना. समजा किडनीचा क्रिएटिनिन वाढला. टेनोफोविर किडनीला त्रास देऊ शकतं म्हणून डॉक्टर ते काढून अबाकाविरवाली गोळी देतात, एचआयव्हीच्या हिशेबानं बरोबरच आहे. पण अबाकाविर बीवर काम करत नाही, मागं उरतं एकटं लॅमिव्हुडिन, आणि एकट्या लॅमिव्हुडिनला बीचा व्हायरस पुढं दाद देईनासा होतो. असं एका बाईंच्या बाबतीत झालं, गोळी बदलणाऱ्यांना बी आहे हे माहीतच नव्हतं कारण तो रिपोर्ट दुसऱ्या दवाखान्याच्या फाइलमध्ये होता आणि ती फाइल घरी पत्र्याच्या ट्रंकेत. काही महिन्यांनी एसजीपीटी हजाराच्या घरात गेल्यावर शोधाशोध झाली. अशा वेळी मार्ग असतात, टेनोफोविरचा डोस किडनीप्रमाणे कमी करणं, टेनोफोविरचाच दुसरा प्रकार वापरणं, किंवा बीचं दुसरं औषध एंटेकाविर जोडणं. फक्त डॉक्टरांना बी आहे हे कळायला पाहिजे. म्हणून गोळीचा रंग, डबी, नाव काहीही बदललं की तिथल्या तिथं विचारा, "मला कावीळ बी आहे, या नव्या गोळीत टेनोफोविर आहे ना?" एवढं एक वाक्य पाठ करा.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगूलालेत, कुणाचं ऐकायचं?

दोघंही बरोबर असू शकतात, दोघांपुढे अर्धी अर्धी माहिती असते. भांडण लावायला जाऊ नका, दोघांपुढे एकच कागद ठेवा.

आम्ही सगळ्यांना एक साधी शंभर पानी वही करायला सांगतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, एचआयव्ही कधी कळला, एआरटी कधी सुरू झालं, आत्ता कुठली गोळी, कावीळ बी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, कावीळ सी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, टीबी झाला होता का, शुगर-बीपी आहे का, कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठलं होतं. त्याच्या खाली एआरटी सेंटरचं नाव आणि लिव्हरचे डॉक्टर कोण ते. पुढच्या पानांवर प्रत्येक भेटीची तारीख आणि एक-दोन ओळी. डॉक्टरांना म्हणा, "साहेब, तिकडच्या डॉक्टरांसाठी इथं दोन ओळी लिहून द्या." बरेच डॉक्टर खुशीनं लिहितात, कारण त्यांनाही तिकडं काय चाललंय ते कळत नसतं. नाही लिहिलं तर त्यांच्यासमोर तुम्ही लिहा आणि वाचून दाखवा.

आणि जाताना सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, नुसत्या एआरटीच्या नको. सांधेदुखीची, अॅसिडिटीची, शुगरची, मेडिकलमधनं परस्पर आणलेली, शेजारच्या मामांनी दिलेली, काढ्याची बाटली, जिमचा डबा, सगळं. खानापूरहून येणारे एक काका अशी पिशवी टेबलावर उपडी करतात आणि म्हणतात "आता बघा यातलं काय चालतंय", मला विचाराल तर पेशंटनं असंच असावं. त्या पिशवीतनं अॅसिडिटीचं पातळ औषध निघालं, ते रोज एआरटीच्या गोळीबरोबरच घेत होते. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवाल्या अँटासिडनं डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषलं जात नाही, गोळी अँटासिडच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी लागते. हे पिशवी उघडल्याशिवाय कुणाला कळलं असतं?

शुगरवाल्यांसाठी पण एक, डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचं प्रमाण रक्तात वाढतं, म्हणून दिवसाला साधारण १००० मिग्रॅच्या वर शक्यतो जाऊ देत नाहीत. शुगरच्या डॉक्टरांना एआरटी चालू आहे हे सांगायला लाजलात तर त्यांना हे कळणार कसं.

हेपेटायटिस सी खरंच बरा होतो का? ऐकलं लाखो रुपये लागतात.

बरा होतो, अगदी मुळासकट. एचआयव्ही आणि बी कंट्रोलमध्ये राहतात, सी मात्र शंभरातल्या ९५ हून जास्त जणांत पूर्ण जातो. एचआयव्ही असला तरी यश जवळपास तेवढंच.

पैशांचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात सीच्या टेस्ट आणि गोळ्या सरकारी ट्रीटमेंट सेंटरला फुकट आहेत. कुणी बाहेरून विकत आणायला सांगितलं तर आधी एआरटी सेंटरच्या कौन्सिलरना विचारा की या कार्यक्रमात नाव कुठं घालायचं. लिव्हर फार कडक झालेलं नसेल तर साधारण सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर १२ आठवडे, सिरॉसिस (लिव्हर पार कडक झालेलं) असेल तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर, कधी त्यात रिबाविरिन जोडतात किंवा कोर्स २४ आठवड्यांचा करतात.

आता एआरटीशी जुळवणं. टीएलडीवर असाल तर सोपं आहे, डोस बदलावा लागत नाही. पण जुन्या एफाविरेंझवाल्या गोळीवर असाल तर डाक्लाटासविर ६० ऐवजी ९० मिग्रॅ लागतं, अॅटाझानाविर-रिटोनाविरवर असाल तर उलट ३० वर आणावं लागतं, आणि एफाविरेंझसोबत वेल्पाटासविर देतच नाहीत. हे आकडे तुम्ही पाठ करायची गरज नाही, वहीचं पहिलं पान दाखवलंत की डॉक्टर बघतील.

सीचं औषध सुरू करायच्या आधी बीची टेस्ट झालीच पाहिजे, कारण सी दबला की झोपलेली बी जागी होऊ शकते. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी परत आरएनए टेस्ट, ती निगेटिव्ह आली तर बरा झालात. ती टेस्ट न करता खूप जण गायब होतात, गोळ्या संपल्या म्हणजे झालं असं वाटतं. अँटी-एचसीव्ही मात्र पुढं कायम पॉझिटिव्हच येणार, ऑपरेशनच्या वेळी कुणी परत तीच टेस्ट करून घाबरवलं तर आरएनएचा रिपोर्ट दाखवा. बरा झाला म्हणून परत होणार नाही असं मात्र नाही, सुई-ब्लेड एकमेकांचं वापरलं तर परत होऊ शकतो.

टीबी पण निघालाय. आता तीन तीन ठिकाणी जायचं?

हो, आणि या तिघांत सगळ्यात जास्त सांभाळायचं ते हेच. टीबीच्या रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड या तिन्ही गोळ्या लिव्हरला जड, त्यात बी किंवा सी असेल तर सुरुवातीच्या महिन्यांत लिव्हरची टेस्ट वरचेवर लागते. रिफाम्पिसिन असताना डोल्युटेग्राविर दिवसातनं दोनदा घ्यावं लागतं, म्हणून टीएलडी चालू ठेवून वर संध्याकाळी डोल्युटेग्राविरची एक जादा ५० ची गोळी देतात. ती जादा गोळी मिळाली का ते बघा. आणि रिफाम्पिसिन चालू असताना सीच्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा आधी टीबी पूर्ण करतात आणि मग सी. सीला थांबता येतं, टीबीला नाही.

गावात काविळीचं औषध देणारे आहेत, डोक्यावरनं उतरवून पण देतात. ते घेतलं तर काय बिघडलं?

उतरवून घेतल्यानं मनाला बरं वाटत असेल तर त्यावर मी काही बोलणार नाही, फक्त त्यात दवाखान्याचे दिवस वाया घालवू नका. पोटात घ्यायच्या औषधाबद्दल मात्र स्पष्ट बोलणार. ए आणि ईची कावीळ आपोआपच बरी होते, त्यामुळे झाडपाल्याला नाव मिळतं, तेच औषध मग बीवाल्याला दिलं जातं. काढ्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही. आपण निरुपद्रवी समजतो त्या गुळवेलीनं सुद्धा लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्यात. घेतलं असेल तर लपवू नका, सांगा. ओरडा खाल्लात तरी चालेल पण सांगा, कारण नाहीतर डॉक्टर एआरटीच्या गोळीला दोष देतील आणि चांगली गोळी बंद होईल.

थोडी दारू चालते का?

नाही. बी किंवा सी असताना नाही, बिअर पण नाही. एकट्यानं सुटत नसेल तर एआरटीच्या कौन्सिलरना सांगा, त्यावर पण उपचार आहे.

मी निपाणीचा, कोल्हापूर जवळ पडतं, कामाला कधी गोव्यात असतो. औषध कुठनं घ्यायचं?

आपल्या भागातला हा रोजचा प्रश्न. निपाणीकराला कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल सीपीआर जवळ, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज, खानापूर आणि शहरवाल्यांना बेळगावचं सिव्हिल म्हणजे बिम्स, आणि पलीकडच्या चंदगडहून लोक इकडं येतात. एआरटी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, कर्नाटकात घ्या नाहीतर महाराष्ट्रात, औषध फुकटच. कुणी राज्याच्या नावावर परत पाठवायला लागलं तर शांतपणे सांगा की नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा) कार्यक्रम देशभर एकच आहे, तरी अडलं तर १०९७ या नॅकोच्या हेल्पलाइनला फोन करा, तो फुकट लागतो.

कायमचं ठिकाण बदलायचं असेल तर आधीच्या सेंटरकडनं ट्रान्सफर आउट (नाव आणि नोंदी नव्या सेंटरला पाठवणं) करून घ्या, नुसतंच दुसरीकडे जाऊन नवीन नाव घालू नका. नवीन नाव घातलं की जुना इतिहास तुटतो आणि त्यात नेमकं "कावीळ बी पॉझिटिव्ह" हेच मागं राहतं. थोड्या दिवसांसाठी बाहेर असाल, ऊसतोडीला, मासेमारीच्या बोटीवर, बांधकामावर, तर निघायच्या आधी सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, तब्येत स्थिर असणाऱ्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या देतात. तरी अडकलात तर जवळच्या एआरटी सेंटरला पेशंट बुक (आपल्या सेंटरनं दिलेली नोंदवही) दाखवून मधल्या काळाचं औषध मागता येतं. पेशंट बुकच्या सगळ्या पानांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

भाषेचं पण सांगतो. कौन्सिलर कन्नडमध्ये बोलायला लागले आणि आपल्याला नीट कळत नसेल तर मान डोलावून बाहेर येऊ नका, "मराठीत सांगता का" म्हणून विचारा, नसेल जमत तर दोन्ही भाषा येणारं विश्वासातलं माणूस बरोबर न्या. गोळी कधी आणि किती हे अर्धवट समजून घेण्यासारखं नाही. आणि कोल्हापूरला दाखवलेला कागद बेळगावात उपयोगी पडायचा असेल तर औषधाचं नाव आणि टेस्टचा आकडा इंग्रजीत लिहून घ्या, तो दोन्हीकडे वाचला जातो.

बायको गरोदर आहे, तिला दोन्ही आहे. बाळाला होणारच का?

नाही, आणि हे मी अगदी ठासून सांगतो. तिचं एआरटी वेळेवर चालू असेल आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर बाळाला एचआयव्ही जायची शक्यता फार कमी उरते, आणि त्यातल्या टेनोफोविरमुळे बी सुद्धा दबते. बाळंतपण दवाखान्यातच करा. जन्मल्यावर २४ तासांच्या आत बाळाला बीची पहिली लस, शक्य तितक्या लवकर, आणि आई बी पॉझिटिव्ह असल्यामुळे एचबीआयजी नावाचं इंजेक्शन सुद्धा. हे इंजेक्शन सगळीकडे तयार नसतं म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता धावाधाव नको. पुढं ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीमध्ये बीचे बाकीचे डोस असतात. एचआयव्हीसाठी बाळाला जन्मापासून औषधाचे थेंब आणि ६ आठवड्यांना टेस्ट. अंगावरचं दूध पाजता येतं, आईनं गोळी न चुकवता आणि पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच, मध्येच गुटी-मध-पाणी असलं काही नको. सासूबाईंना हे डॉक्टरांकडूनच सांगायला लावा, लवकर पटतं.

गरोदरपणात लोह-कॅल्शियमच्या गोळ्या असतात, त्या आणि टीएलडी एकत्र घ्यायच्या तर जेवणाबरोबर घ्या, उपाशीपोटी असाल तर अंतर ठेवा.

घरच्या बाकीच्यांचं काय?

बीची टेस्ट जोडीदाराची, मुलांची, शक्य असेल तर आई-भावंडांची पण. निगेटिव्ह असेल तर लस, ०, १ आणि ६ महिन्यांना. एचआयव्ही असलेल्याला बी नसेल तर त्यानं स्वतः लस घेणं तर फारच गरजेचं, त्यांना कधी डबल डोस देतात आणि नंतर लस लागू पडली का हे बघायला अँटी-एचबीएस टेस्ट करतात, १० च्या वर आला पाहिजे. सीला लस नाही. ताटवाटी, मिठी, एकत्र झोपणं यानं काही होत नाही. रेझर, नेलकटर, टूथब्रश मात्र ज्याचं त्याचं, आणि सलूनमध्ये नवीन ब्लेड डोळ्यांसमोर घालायला सांगायचं. एचआयव्हीचा व्हायरल लोड सापडत नाही इतका खाली असेल तर संबंधातनं एचआयव्ही जात नाही, पण हा नियम एचआयव्हीपुरता, बीसाठी जोडीदाराची लस होईपर्यंत कंडोम वापरा.

दात काढायचाय, ऑपरेशन आहे, सांगितलं तर बाहेर काढतील का?

भीती खरी आहे, असे अनुभव लोकांना आलेत. पण एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं आणि भेदभाव करणं दोन्ही बेकायदेशीर आहे, तुमच्या संमतीशिवाय इतरांना सांगणं पण. तरी तोंडावर दार लावलं गेलं तर एकट्यानं भांडत बसू नका, एआरटी सेंटरच्या कौन्सिलरना सांगा, ते बऱ्याचदा दुसरीकडे चिठ्ठी देतात, आणि १०९७ आहेच. सगळ्या जगाला सांगायची गरज नाही, जो औषध लिहितो किंवा भूल देतो त्याला मात्र सांगा. दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही तिथंच विचारा, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या टेनोफोविरसोबत वरचेवर घेतल्या तर किडनीला बाधतात, आणि लिव्हर कडक झालेलं असेल तर पॅरासिटामॉल पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात.

कुठल्या वेळी तारखेची वाट न बघता पळायचं?

डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा संडास डांबरासारखी काळी व्हायला लागली, पोट फुगून कपडे घट्ट झाले, पायाला सूज आली, माणूस दिवसा झोपतोय आणि रात्री बडबडतोय, ओळखीचं नाव विसरतोय. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. एआरटी नव्यानं सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पण कधी लिव्हरचे आकडे वाढतात, कारण प्रतिकारशक्ती जागी होऊन बीशी लढायला लागते, तेव्हा मळमळ आणि थकवा वाढला तर गोळी स्वतः बंद न करता लगेच दाखवा. जाताना वही आणि गोळ्यांची पिशवी बरोबर, आणि कॅज्युअल्टीत पहिल्यांदा भेटेल त्या डॉक्टरांना ते पहिलं पान उघडून हातात द्या.